उत्तरेकडच्या भिंतीतला त्रिकोण

तीर्थरूप एदेल्मिरामावशीच्या पायांशी, भाचा एलिसेओ याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या अंगठ्याला पट्टी असल्यामुळे हात जरा वाकडे जोडले गेले आहेत. अक्षरही त्याच कारणाने वाकडं आहे. तुझ्या हाताखाली घोटलेलं अक्षर बिघडलं, असा अर्थ कृपा करून काढू नकोस.)

गुडघे कसे आहेत? रुबेनच्या घरी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढावा लागतो हे ऐकल्यापासून मला तुझ्यापेक्षा तुझ्या गुडघ्यांचीच आठवण जास्त येते. रुबेन, सूनबाई आणि पोरं मजेत असतील. पुएर्तो मोंतमध्ये भाजी महाग आहे असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, ते मी इथे सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना बरं वाटलं. बेटावर ठीक चाललंय. बटाटे चांगले आले. पाद्रीबाबा महिन्यातून एकदा लाँचने येतात. त्यांना लाँच लागते, त्यामुळे उतरल्यावर अर्धा तास ते चर्चमधल्या बाकावर आडवे असतात. तेवढं प्रवचन आखूड झालंय आणि माणसं जास्त यायला लागली आहेत. तुझं मांजर झोपायला नोल्फाबाईंकडे आणि जेवायला माझ्याकडे असतं. तुझं घर जागेवर आहे.

हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं, कारण नोल्फाबाईंनी तुला फोन केलाच असेल. बाई मनाने सोन्यासारखी. शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं राबते, एकही पोर तिच्या हातून उपाशी गेलेलं नाही. पण एखादी गोष्ट तिच्या तोंडून निघाली की वाटेत त्या गोष्टीचं वजन वाढतं. तिने तुला 'मास्तराने तुझी भिंत सोलली' असं काहीतरी सांगितलं असेल, तर त्यातला 'भिंत' हा शब्द जरा मोठा आहे आणि 'सोलली' हा जरा कडक आहे, एवढंच मी म्हणेन. घडलं ते क्रमाने सांगतो. रागावायचं असेल तर सगळं वाचून झाल्यावर रागाव.

सुरुवात शिक्षणखात्याने केली. पहिली-दुसरीच्या मुलांना भूमिती फळ्यावर न दाखवता त्यांच्या हातात द्यायची, असं वर कुठेतरी ठरलं आणि सप्टेंबरमध्ये एक पेटी आली. आत जाड पुठ्ठ्याचे आकार होते: त्रिकोण, चौरस, समलंब चौकोन, षटकोन. शिवाय पत्ते होते. त्यांच्यावर होडी, कोंबडी, घर अशा नुसत्या बाह्यरेषा. मुलाने तुकडे जुळवून ती जागा भरायची. फट राहायला नको, तुकडा बाहेर यायला नको, आणि शिक्षकाने मध्ये बोलायला नको. मला ही कल्पना आवडली. (तू याच वर्गात पस्तीस वर्षं 'त्रिकोणाला तीन बाजू असतात' हे आमच्याकडून एका सुरात म्हणवून घेतलंस. मी त्या सुरात होतो. तिसरीत जाईपर्यंत मला त्रिकोण ही एक प्रार्थना वाटत होती. ही तक्रार नव्हे.)

पेटी लाँचच्या टपावरून आली होती, कांद्यांची पोती आणि गॅसची टाकी यांच्या मधोमध, आणि वाटेत आपला नेहमीचा पाऊस. पुठ्ठा पाणी प्यायला. वर्गात पेटी उघडली तेव्हा षटकोनाला पोट सुटलं होतं आणि त्रिकोण गालफुगे दिसत होते. सहा त्रिकोणांचा एक षटकोन होतो, हा पहिला धडा. पाच बसले, सहावा काही केल्या आत जाईना. मी दाबून बघितला, तर समोरून दोन बाहेर उडाले. यास्ना चिग्वाय म्हणून एक सहा वर्षांची मुलगी आहे, मासेमारी करणाऱ्या अर्नोल्दोची. (तू गेलीस तेव्हा ती रांगत होती आणि शंख तोंडात घालायची.) तिने तो सहावा त्रिकोण हातात घेऊन दोन्हीकडून बघितला आणि म्हणाली, "सर, हे जेवून आलेत."

मी ते सगळे आकार शेगडीभोवती वाळत घातले. वाळले, पण त्यांच्या कडा वर वळल्या आणि प्रत्येक त्रिकोणाची बशी झाली. आता या बशांमध्ये भूमिती कशी शोधायची? तेव्हा मला तुझ्या घराखालची फळकुटं आठवली. एरिबेर्तोकाकांनी भिंती मढवून उरलेली, आलेर्सेची, खालचं टोक अर्ध्या षटकोनासारखं कापलेली, जोत्याच्या ओंडक्यांमध्ये नीट रचून ठेवलेली. आलेर्से लाकूड, शंभर वर्षं पावसात ठेवलं तरी पोट सुटायचं नाही. तुला विचारून घ्यावीत असं मनात होतं, पण त्या आठवड्यात फोनला रेंज नव्हती. (नोल्फाबाईंच्या फोनला होती, हे मला नंतर कळलं.)

फळकुटांनी वर्गात जीव आला. अकरा मुलं जमिनीवर पालथी पडून दिवसभर जुळवत होती. वरच्या सरळ कडेला सरळ कड लावून एक लांबट षटकोन. तीन षटकोन जवळ आले की मध्ये फट राहत नाही, हे त्यांनी स्वतः शोधलं आणि मला येऊन अशा आवाजात सांगितलं की जणू मला ही बातमी नवीनच असेल. मी नवीन असल्यासारखा चेहरा केला. (हेही पेटीसोबत आलेल्या पुस्तिकेत आहे.) अडचण दुसऱ्या दिवशी आली. तुझ्या घराची उत्तरेकडची भिंत आमच्या खिडकीतून समोरच दिसते. पोरांना जमिनीवर हुबेहूब तशी भिंत करायची होती. त्यांनी फळकुटं टोकं खाली करून ओळीने मांडली, तर प्रत्येक दोन टोकांमध्ये एकेक त्रिकोणी खाच राहिली. भिंतीवर खाच नाही, जमिनीवर आहे. लाकूड तेच, कापणारा माणूस तोच. मुलं माझ्याकडे बघायला लागली. पुस्तिकेप्रमाणे मी गप्प राहिलो. (मला उत्तर माहीत होतं: एका रांगेवर दुसरी रांग चढवलेली असते आणि फळकुटाचा खालचा थोडासा भागच दिसतो. पण खरं सांगायचं तर आत नेमकं किती चढवलंय आणि खिळा कुठे आहे हे मलाही कधी दिसलं नव्हतं.) शेवटी वर्गाने निकाल दिला की भिंत खोटं बोलते.

यास्ना मात्र या कामात नव्हती. ती खिडकीला नाक लावून उभी होती. मी तिला दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत. ती न वळताच म्हणाली, "सर, आजींच्या भिंतीत एक चुकलंय." सगळा वर्ग खिडकीशी. खिडकी आणि कोपरा यांच्या मधल्या कोऱ्या भागात, खालून थोडं वर, एक फळकूट होतं ज्याची एक बाजू लांब आणि दुसरी आखूड. एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसेना. मावशी, तो रस्ता मी लहानपणापासून तुडवतोय आणि मला ते कधी दिसलं नाही. तुलाही दिसलं नसावं, नाहीतर काकांना ते जेवताना रोज ऐकावं लागलं असतं.

वर्ग निरीक्षणासाठी बाहेर गेला. जवळून बघता ते फळकूट जरा सैल वाटलं. सैल फळकूट पावसाळ्यात तसंच सोडणं बरं नव्हे, म्हणून ते बाहेर काढावं असं ठरलं. पण त्याचं डोकं वरच्या दोघांच्या खाली दडलेलं होतं, म्हणजे आधी ती दोन निघायला हवीत. त्या दोघांवर तीन बसलेली. तिघांवर चार. तू शिक्षिका आहेस, पुढचं तुझ्या लक्षात आलंच असेल. मुलं मोठ्याने मोजत होती, आणि खात्याने ज्या बेरजेसाठी वेगळी पेटी पाठवायचं ठरवलंय ती बेरीज तिथल्या तिथे शिकवून झाली. शिडी कधी आली ते नक्की सांगता येत नाही. फळकुटं निघत गेली. वारा सुटला होता म्हणून खाली आलेली पोत्यात भरली गेली. वळचणीपर्यंत पोचलो तेव्हा तुझ्या भिंतीवर खाली टोक, वर पाया असा इतका सुरेख समभुज त्रिकोण उघडा पडला होता की तो फळ्यावर मला पट्टी घेऊनसुद्धा काढता आला नसता. हे मी केवळ शिक्षक म्हणून नोंदवतो.

त्याच वेळी नोल्फाबाई हातात डाव घेऊन आल्या.

"अरे एलिसेओ! तिकडे कालवण गार झालं आणि तू इथे एदेल्मिराचं घर सोलतोयस?"

मी म्हटलं, सोलत नाही, अभ्यास चाललाय.

"कसला?"

"त्रिकोणाचा."

त्यांनी वर बघितलं. आतल्या आडव्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी आहेत. (काकांनी आत कागद लावला होता, तो उंदरांनी नेला.) "दिसतोय बाबा त्रिकोण," त्या म्हणाल्या. "त्यातून तिचं शिवणाचं मशीनपण दिसतंय. आता जरा मान वळव आणि तिकडे बघ."

समुद्राच्या बाजूने आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं झालं होतं. उत्तरेचा वारा. हा वारा काय आणतो आणि कोणत्या भिंतीवर आणतो, ते तुला सांगायला नको. पोतं उपडं केलं आणि कळलं की काकांची कोणतीही दोन फळकुटं सारखी नाहीत. कुणी बोटभर रुंद, कुणी अरुंद, कुणाची कड किंचित कललेली, आणि प्रत्येक आपल्याच शेजाऱ्याला बसेल असं तासलेलं. मी हातोडी घेऊन खालून सुरुवात केली. दुसऱ्या रांगेतच एक ठोकलं ते शेजाऱ्यावर चढलं, दुसऱ्याने फट सोडली, तिसऱ्या वेळी अंगठा मध्ये आला. तेव्हा तोंडून जे निघालं ते मुलांनी ऐकलं नसावं. (ऐकलंय. दुसऱ्या दिवशी सहाव्या त्रिकोणाला उद्देशून वापरलं गेलं.)

यास्नाने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिने गवतावर बसून फळकुटं मांडायला घेतली होती. तुझ्या भिंतीचा पिवळा रंग फक्त उघड्या भागाला लागलाय. झाकलेला भाग कोरा, आणि दोन्हींमधली रेघ वर बसणाऱ्या शेजाऱ्याच्या टोकाप्रमाणे उतरलेली. रेघ रेघेला लागली की शेजारी सापडला. हे एकीला कळलं आणि मग अकराही जणांना कळलं. "ह्याचा शेजारी कोणाकडे?" "हा माझा नाही, तिरका आहे." "अगं उलटा धर, वेडे!" असा बाजार भरला. पावसाचे थेंब पडायला लागले तरी एकही मूल उठलं नाही. पेटीतल्या होडीपाशी पाच मिनिटांत कंटाळणारी हीच पोरं.

वादळ बघून होड्या लवकर परतल्या होत्या. आयाबाप मुलांना न्यायला आले आणि कुणीच गेलं नाही. मोठी माणसं हातात फळकुटं घेऊन भांडायला लागली. अर्नोल्दोने माझ्याकडून हातोडी काढून घेतली, एक तुकडा हातात धरला आणि याची जागा इथेच म्हणून त्यावर हातोडी हाणायला लागला. यास्ना त्याची विजार ओढत म्हणाली, "बाबा, ठोकून बसवावं लागतंय म्हणजे ते तिथलं नाही." अर्नोल्दो हा माणूस दोन वर्षं आपल्या सख्ख्या भावाशी बोलत नाही, कारण भावाने एकदा त्याची गाठ चुकली असं सांगितलं होतं. त्याने पोरीकडे बघितलं, तुकडा खाली ठेवला, आणि म्हणाला, "बरं. मग दे कुठलं ते." त्यानंतर तो फक्त ठोकत होता, आणि काय ठोकायचं ते ती सांगत होती.

पण सगळ्याच्या आधी, अगदी खाली, ते वाकडं फळकूट यायचं होतं. माझी सुरुवातीची दोन-चार काढून टाकून ते आधी बसवावं लागणार होतं. बसवण्याआधी ते हातोहात फिरलं. बाकीची करवतीने कापलेली, याची एक बाजू चाकूने कोरलेली. मुलांचे तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं करवत मोडली, कुणी म्हणालं काकांना झोप आली. नोल्फाबाई कालवणाचं पातेलं तिथेच घेऊन आल्या होत्या आणि पावसात उभ्या राहून वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "काही मोडलं नव्हतं. दोन्ही कोपऱ्यांकडून सुरुवात करून मध्ये भेटू म्हणाला एरिबेर्तो, आणि मध्ये आला तर जागा वाकडी उरली. चार दिवस हितं समोर बसून होता. माते-चहा पितोय आणि भिंतीकडे बघतोय. मी हसले तर म्हणाला, नोल्फा, एवढं एदेल्मिराला सांगू नकोस. तिला वाटतं माझं माप चुकत नाही." मग माझ्याकडे डाव रोखून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं नाही सांगितलं. तू सांगितलंस तर बघ!"

तर मावशी, सांगितलं. मला वाटलं तुला आवडेल.

अंगठा सुजल्यामुळे माझा बाहेर काही उपयोग नव्हता. मी किल्लीने घर उघडून आत गेलो, मशीनवर माझा कोट टाकला, खिडक्यांची दारं पावसामुळे बंदच ठेवली, आणि उभा राहिलो. भिंतीच्या फटींतून उजेड येत होता, खाली निमुळता, वर रुंद. पाणीही येत होतं. बाहेर पोरांचा कल्ला आणि हातोडीचे ठोके. एकेक फळकूट बसलं की उजेडाची एकेक फट विझायची. खालून वर, ओळीने. माझ्या करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. वळचणीखालची शेवटची फट विझली तेव्हा खोलीत अगदी काळोख झाला आणि बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका भिंतीच्या दुसऱ्या बाजूला चार दिवस बसले होते, तेव्हा तू याच खोलीत मशीन चालवत असशील, असं काहीतरी डोक्यात आलं. मग पायाला पाणी लागलं म्हणून बाहेर आलो.

भिंत बंद झाली आणि एक फळकूट उरलं. ते कुठलं याचा शोध अंधार पडेपर्यंत चालला. माझं म्हणणं, ते घराखालच्या ढिगातलं. त्यावर पिवळा रंग आहे, ही या म्हणण्यातली कच्ची बाजू. अर्नोल्दोचं मत असं की पावसाने भिंत आकसली असेल. घर गळत नाही. (मशीनच्या डाव्या अंगाला गळतं. तिथे पातेलं ठेवलं आहे. नोल्फाबाई ते पातेलं परत मागतात.) रस्त्यावरून बघणाऱ्याला काही कळणार नाही. तरी लोक मुद्दाम येऊन बघतात आणि ते वाकडं फळकूट एकमेकांना दाखवतात. काकांचं नाव बेटावर इतकं कधी निघालं नव्हतं.

खात्याला मी कळवलं आहे की पेटी मिळाली, वापरली, मुलांचा प्रतिसाद समाधानकारक, आकार थोडे पाणी धरतात. यापेक्षा जास्त त्यांना वाचायची सवय नाही. वर्गात आता बटाट्याचं मिल्काव वाढलं तरी पोरं आधी ते कशात कसं बसेल ते बघतात आणि मग खातात. प्रकृतीला जप, जिना सावकाश चढ. नोल्फाबाईंचा फोन आला तर ऐकून घे, पण त्यातून निम्मं वजा कर. रुबेनला आशीर्वाद, लहानांना गोड पापा.

तुझा आज्ञाधारक भाचा,
एलिसेओ

ता. क. एक बारीकसं काम होतं, म्हणूनच खरं तर लिहायला बसलो. तुझ्या पश्चिमेच्या भिंतीची फळकुटं गोल टोकांची आहेत आणि उत्तरेची षटकोनी. हे दोन आकार कोपऱ्यावर भेटतात तिथे काकांनी आत काय केलं असेल, हे बाहेरून कळत नाही. मुलांची फार इच्छा आहे. फक्त कोपऱ्यालगतचा थोडा भाग, कोरडा दिवस बघून, आणि या वेळी प्रत्येकावर खडूने आकडा घालून. तुझी परवानगी गुरुवारच्या लाँचने आली तर बरं. नाही आली तर हरकत नाही असं समजेन.

आणखी ता. क. पहिलीच्या मुलांना पत्रलेखनाचा सराव व्हावा म्हणून खालच्या ओळी यास्नाकडून लिहून घेतल्या आहेत. मजकूर मुलाचा असल्यावर तो बदलणं योग्य नाही, असं पुस्तिका सांगते. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं आहे.

एदेल्मिराआजी, मी यास्ना. वाकडा तुकडा मी बघितला. आम्हाला तो एकच बघायचा होता. सर शिडीवर चढले आणि उतरेनात. आम्ही खालून म्हणत होतो सर बास, भूक लागली. सर म्हणाले तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. मग आम्ही मोजत बसलो. कोपरा बघायचं आम्ही म्हटलं नाही. नोल्फाआजीने शिडी लपवून ठेवली आहे. सरांना ती सापडली आहे.